फाशांनी सहा दिला. तो बुद्धीत कोणी टाकला?

गुहागर तालुक्यातील अंजनवेल हे माझे माहेर. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, दक्षिण काठावर हे गाव आहे. समोरच्या काठावर दाभोळ, अलीकडे टेकाडावर गोपाळगड. शिमग्याला सगळे घरी जमतात. या वेळी पुण्यात अभियांत्रिकी शिकणारी माझी थोरली भाची येताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि फाशांची थैली घेऊन आली. थैलीत चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस पृष्ठांचे फासे होते. यांपैकी दहाचा सोडला तर बाकीचे पाच म्हणजे भूमितीतील पाच सुसम घन. ते मुलांच्या हाती आलेले पाहून मला बरे वाटले.

खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. दुपारी पडवीत मुले गोल करून बसली. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपले एक पात्र तयार करायचे होते. चार फासे टाकायचे, सर्वांत लहान आकडा सोडून उरलेल्या तिघांची बेरीज करायची. असे सहा वेळा केले की सहा आकडे मिळतात. ते बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप या सहा गुणांत आपल्या मर्जीने वाटायचे. आठवीतल्या भाच्याला १५, १३, १३, ११, १० आणि ६ असे आकडे मिळाले. पेन्सिल उचलून त्याने पहिल्या झटक्यात बुद्धीसमोर सहा लिहिला.

"अरे, सहा बुद्धीत कशाला टाकलास?" मी विचारले.

"तसंच आहे ना, आत्या. मला गणित कुठं येतं?"

शेजारी बसलेल्या त्याच्या बहिणीने, ती नववीत आहे, आपला सर्वांत लहान आकडा बळासमोर लिहिला होता. तिला मी काही विचारले नाही.

या दोन नोंदींनी मला अस्वस्थ केले. पुण्याला परतल्यावर मी ते पुस्तक आणि त्याच्या काही जुन्या आवृत्त्या मिळवून पात्र तयार करण्याची प्रकरणे वाचून काढली. हा खेळ चांगला की वाईट, हे येथे सांगायचे नाही. माणसाच्या क्षमतेविषयी हे नियम काय गृहीत धरतात, आणि ते विज्ञानाच्या कसोटीवर कितपत उतरतात, एवढेच पाहायचे आहे. कारण याच गृहीतकांवर आपल्या शाळाही चालतात.

खेळ काय आहे

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. याला सारीपाटासारखा पट लागतोच असे नाही. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो: समोर पडका किल्ला आहे, दरवाजा आतून बंद आहे, कोणीतरी खोकल्याचा आवाज येतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते सांगतात. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका असेल, तर वीस पृष्ठांचा फासा टाकतात, त्यात पात्राच्या गुणानुसार काही मिळवतात किंवा वजा करतात, आणि ठरलेली संख्या गाठली तर ते काम फत्ते. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. खेळाडूंच्या पुस्तकाची सध्याची आवृत्ती २०२४ ची आहे. म्हणजे पात्र तयार करण्याचे नियम पन्नास वर्षे सतत दुरुस्त होत आले आहेत, आणि या दुरुस्त्यांचा इतिहासच बोधप्रद आहे.

घंटेच्या आकाराचा आलेख

१९७४ च्या नियमांत तीनच फासे होते आणि बेरीज ज्या क्रमाने येई त्याच क्रमाने गुणांना चिकटे. निवडीला जागा नव्हती. तीन फासे २१६ प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी बेरीज १८ येण्याचा प्रकार फक्त एक. बेरीज १० येण्याचे प्रकार २७, आणि ११ येण्याचेही २७. आलेख काढला तर मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना उतरता असा घंटेचा आकार मिळतो. सरासरी येते साडेदहा.

नियमाचा हा भाग मला आवडला. माणसांची उंची मोजली तरी आलेखाचा आकार साधारण असाच येतो. याचे कारण आर. ए. फिशर यांनी १९१८ साली दाखवून दिले. एखाद्या गुणावर अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम होत असेल आणि त्यात परिस्थितीच्या परिणामांची भर पडत असेल, तर या सगळ्यांच्या बेरजेतून असाच आलेख तयार होतो. तीन फासे हे या विचाराचे अगदी छोटे पण प्रामाणिक प्रतिरूप आहे. एकच फासा टाकला तर सहाही आकडे सारख्याच वेळा येतात. तीन फाशांची बेरीज घेताच मध्य तयार होतो. हे मुलांना सूत्राशिवाय डोळ्यांनी दिसते.

पुढे चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडण्याची पद्धत रूढ झाली, आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत तीच मुख्य पद्धत ठरली. चार फाशांचे १२९६ प्रकार होतात. लहान आकडा सोडल्यावर १८ ही बेरीज २१ प्रकारांत येते. म्हणजे शक्यता २१६ त एकावरून सुमारे ६२ त एकावर आली. सरासरी साडेदहावरून १२.२ वर गेली. सहा किंवा त्याहून कमी बेरीज येण्याचे प्रकार १२९६ त ३६ आहेत, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. पण प्रत्येक पात्रासाठी सहा वेळा फासे टाकावे लागतात. सहापैकी एकदा तरी असा आकडा येण्याची शक्यता सुमारे साडेपंधरा टक्के भरते. सहा-सात मुलांत एकाला तो मिळणारच. त्या दुपारी तो माझ्या भाच्याला मिळाला.

येथपर्यंत दोष कोणाचाच नाही. फाशांनी सहा दिला, पण तो बुद्धीतच टाका असे फाशांनी सांगितले नव्हते. नव्या नियमांनी वाटणीचे स्वातंत्र्य दिले होते, आणि मुलाने त्या स्वातंत्र्याचा उपयोग करून आपले प्रगतिपुस्तक पुन्हा एकदा लिहून काढले.

वंश गेला, धंदा आला

आता नियमांच्या सर्वांत वादग्रस्त भागाकडे वळू. या खेळात पात्र माणूसच असले पाहिजे असे नाही. ते बुटके, यक्षासारखे किंवा राक्षसी कुळातलेही असू शकते. २०१४ च्या आवृत्तीपर्यंत यांना 'वंश' म्हणत आणि वंशानुसार गुणांत ठरावीक भर पडे. १९७८ च्या पुस्तकात काही वंशांचे गुण कमीही केले जात. त्याच पुस्तकात आणखी एक अट होती: स्त्री पात्राच्या बळाची कमाल मर्यादा पुरुष पात्रापेक्षा खाली ठेवलेली होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही अट काढून टाकली. माझ्या भाचीने ती अट पुस्तकात नसतानाही पाळली.

२०२० साली निघालेल्या एका पुरवणी पुस्तकाने वंशाची भर हव्या त्या गुणात टाकण्याची मुभा दिली. २०२४ च्या आवृत्तीत 'वंश' हा शब्दच गेला. त्याच्या जागी 'जाती' हा प्राणिशास्त्रातील शब्द आला, आणि जातीवरून गुणांत भर पडणे बंद झाले. जीवशास्त्राच्या शिक्षकांना येथे एक अडचण जाणवेल. ज्यांच्यात संकर होऊन पुढे प्रजा चालते त्यांना आपण सहसा वेगळ्या जाती म्हणत नाही. २०१४ च्या पुस्तकात असे अर्धे-अर्धे संकरज वेगळे दिलेले होते. २०२४ च्या मुख्य पुस्तकात ते नाहीत. शब्द बदलला तरी प्रश्न शिल्लक राहिला. तरीही जन्मकुळावरून बुद्धी ठरवण्याचा नियम मागे घेतला गेला, ही मी निःसंशय सुधारणा मानते.

पण मग गुणांतली भर आता कशावरून पडते? पात्राच्या 'पार्श्वभूमी'वरून. म्हणजे साहसाला निघण्यापूर्वी ते काय करत होते यावरून. अशा सोळा पार्श्वभूमी दिल्या आहेत आणि प्रत्येकीसमोर तीन गुण लिहिले आहेत. भर फक्त त्या तिघांतच टाकता येते. शेतकऱ्यासमोर बळ, काटकपणा आणि शहाणपण. दर्यावर्दी खलाशासमोर बळ, चपळाई आणि शहाणपण. पंडितासमोर काटकपणा, बुद्धी आणि शहाणपण. सरदारपुत्रासमोर बळ, बुद्धी आणि छाप. गुन्हेगारासमोरसुद्धा बुद्धी आहे. शेतकऱ्यासमोर ती नाही आणि खलाशासमोरही नाही. कारागिराला मात्र बुद्धी दिली आहे, हे पुस्तकाच्या बाजूने सांगायला हवे. सूत्रधाराच्या वेगळ्या पुस्तकात नवी पार्श्वभूमी बनवण्याची सोयही आहे. पण मुलांच्या हातात पडते ते सोळांचे हेच कोष्टक.

जन्मकुळ सोडून परिस्थितीकडे वळणे हे विज्ञानाच्या दिशेने टाकलेले पाऊल आहे. पण धंद्यावरून बुद्धी ठरवणे ही जुनीच चूक नव्या वेषात आलेली आहे. आपल्या देशात धंदाच जन्मावरून ठरत आला. त्यामुळे महाराष्ट्रातल्या वाचकाला या कोष्टकातील धोका अमेरिकेतल्या लेखकापेक्षा लवकर दिसायला हवा.

मला तो दिसला तो भाच्यामुळेच. बुद्धीत सहा लिहिल्यावर त्याने पार्श्वभूमी निवडली ती खलाशाची. त्याचे मित्र वेलदूरच्या बंदरातले, सुट्टीत त्यांच्याबरोबर होडीवर जाणे हा त्याचा आवडता उद्योग. त्या दिवशी फाल्गुन वद्य चतुर्थी होती. खेळ अर्ध्यावर आला असता तो एकदम उठला. "आज चौथ, म्हणजे तीनला भरती पूर्ण होणार. होडी वर ओढायला जायचंय," म्हणाला.

त्याने केले होते ते असे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चार पाऊणे तीन, म्हणून तीन वाजता. कोकण किनाऱ्यावरचा हा जुना ठोकताळा आहे. त्यामागचे कारण पाहू. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच पुढे सरकते. पौर्णिमेला आणि अमावास्येला पूर्ण भरती साधारण बाराच्या सुमारास धरली, तर पंधरा तिथींत ती बारा तास पुढे जाऊन पुन्हा तिथेच येते. बारा तासांना पंधराने भागले की दर तिथीला ४८ मिनिटे येतात. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तोंडी हिशेबासाठी केलेली ही छान सोय आहे. बंदरागणिक आणि ऋतूगणिक पाऊण-एक तासाचा फरक पडू शकतो, आणि होडीवरची माणसे तोही अनुभवाने जमेस धरतात.

निरीक्षणातून काढलेला नियम, त्याचे गणिती रूप, आणि त्या नियमाच्या मर्यादेची जाण या तिन्ही गोष्टी येथे आहेत. प्रयोगशाळेत आम्ही याला बुद्धी म्हणतो. पुस्तकातल्या खलाशाच्या रकान्यात ती नाही. भाच्याच्या स्वतःच्या पत्रकात तिच्यासमोर सहा आहे. आणि गणित येत नाही म्हणणारा हा मुलगा चाराची पाऊणपट क्षणात करून होडीकडे पळाला.

बेरीज ठरलेली असली की

फासे नको असतील तर पुस्तकात आणखी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे तयार आकडे घ्यायचे: १५, १४, १३, १२, १० आणि ८. दुसरा म्हणजे सत्तावीस गुणांची पुरचुंडी घेऊन बाजारहाट करायचा. आठ हा आकडा फुकट मिळतो, तेरापर्यंत दर पायरीला एक गुण पडतो, पुढे चौदाला एकूण सात आणि पंधराला नऊ. वरचे सहा तयार आकडे या दराने घेतले तर किंमत बरोबर सत्तावीस होते. मुलांकडून ही बेरीज करवून घ्यावी.

हे मार्ग न्याय्य आहेत. सर्वांना सारखेच मिळते, कोणाच्या नशिबी सहा येत नाही. पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे आणि ते चटकन ध्यानात येत नाही. एकूण बेरीज ठरलेली असेल तर एक गुण वाढवायला दुसरा कमी करावाच लागतो. बलवान पात्र मठ्ठ निघते आणि बुद्धिमान पात्र किरकोळ. तयार सहा आकडे सहा गुणांत चिठ्ठ्या टाकून वाटले, तर कोणत्याही दोन गुणांमधील सहसंबंध गुणांक नेमका उणे ०.२ येतो. हा ऋण संबंध माणसांकडून आलेला नाही, केवळ हिशेबाच्या अटीतून आलेला आहे.

खऱ्या माणसांत काय दिसते? चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली शाळेतील मुलांच्या निरनिराळ्या विषयांतील कामगिरीची तुलना केली, तेव्हा हे संबंध धन आले. एका विषयात पुढे असलेली मुले सरासरीने दुसऱ्यातही पुढे होती. याचा अर्थ काय लावायचा यावर पुढे शंभर वर्षे वाद झाले, पण ते निरीक्षण पुन्हा पुन्हा आले आहे. लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बुद्धिमान मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. ही मुले अशक्त आणि रोगट असतील, हा त्या काळचा समज खोटा ठरला. त्यातील बरीच मुले सुखवस्तू घरांतली होती, हेही अर्थात लक्षात घ्यायला हवे.

तरीही 'खेळात पुढे तो अभ्यासात मागे' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत आजही ऐकू येते. निसर्गाने प्रत्येकाला सत्तावीस गुणांची एकच पुरचुंडी दिली आहे, असा हा समज आहे. खेळात ती सोय म्हणून ठीक आहे. मुलांविषयी बोलताना तिला आधार नाही.

जन्म आणि सराव

आता या नियमांच्या बाजूने एक महत्त्वाची गोष्ट सांगते. गुणाचा आकडा प्रत्यक्ष खेळात जसाच्या तसा वापरत नाहीत. त्यातून दहा वजा करून निम्मे करतात आणि अपूर्णांक आल्यास खालचा पूर्णांक घेतात. पंधराचे अधिक दोन होतात, सहाचे उणे दोन. मध्यम अवघड कामासाठी एकूण पंधरा गाठावे लागतात असे धरू. बुद्धी दहा असलेल्या पात्राला वीसपैकी सहा आकडे चालतात, म्हणजे यशाची शक्यता ३० टक्के. बुद्धी सहा असेल तर चारच आकडे चालतात, म्हणजे २० टक्के. फरक दहा टक्क्यांचा.

पण पात्राने एखादे कौशल्य शिकलेले असेल तर सुरुवातीलाच आणखी दोन मिळतात. बुद्धी सहा आणि थोडे शिक्षण, या दोहोंची बेरीज बुद्धी दहा आणि अशिक्षित याच्याइतकीच होते. पात्र अनुभवाने वाढत जाते तशी ही प्रावीण्याची भर दोनावरून सहापर्यंत जाते. तेव्हा बुद्धी सहाच राहिलेल्या त्याच पात्राला एकूण अधिक चार मिळतात. बुद्धी अठरा असून जे पात्र ते कौशल्य कधी शिकलेच नाही, त्यालाही चारच मिळतात. म्हणजे या पुस्तकाच्या हिशेबाने उपजत सहा आणि उपजत अठरा यांच्यातली दरी सरावाने पूर्ण भरून निघते.

खऱ्या आयुष्यात हा हिशेब इतका नेटका असतो असे मी म्हणणार नाही. पण उपजत गुण आणि शिकलेले कौशल्य हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे, आणि कौशल्याचा रकाना वाढता ठेवावा, ही या पत्रकाची मांडणी आपल्या प्रगतिपुस्तकापेक्षा सरस आहे. आपल्या गुणपत्रिकेत दोन्हींचा एकच आकडा होतो.

खेळातला आकडा आणि शाळेतला आकडा यांत आणखी एक मूलभूत फरक आहे. खेळात सहा लिहिला की पात्राची बुद्धी सहाच. त्या आकड्यामागे दुसरे काही नसते. आकड्यातून पात्र जन्माला येते. शाळेत मात्र मूल आधी असते आणि आकडा नंतर येतो. तो आकडा म्हणजे एक मापन आहे, आणि प्रत्येक मापनात त्रुटी असते. प्रयोगशाळेत एकदाच घेतलेल्या नोंदीवर कोणी निष्कर्ष काढला, तर आम्ही त्याला परत पाठवतो. माझ्या शाळेत पाचवीच्या पहिल्या चाचणीवरून तुकड्या पाडल्या गेल्या होत्या, आणि दहावीपर्यंत कोणाची तुकडी बदललेली मला आठवत नाही. एका सकाळच्या एका मापनावर पाच वर्षे ठरली. फाशाने तरी आपण मोजतो आहोत असा दावा केला नव्हता.

सोंग

आदल्या रात्री गावात नमन झाले होते. गणपती आला, काळ्या पोशाखात घुंगरे वाजवीत संकासूर आला, गौळणी आल्या. दिवसा होडीवर जाणारा पुरुष रात्री राधा होतो आणि अख्खे गाव ते मान्य करते. आपल्याकडे याला सोंग म्हणतात. सोंगाचे बळ किती, बुद्धी किती, हे कोणी लिहून ठेवत नाही. ते कोणाशी कसे वागते, कशाला भिते, कशासाठी हटून बसते, यावरून ते उभे राहते. आणि सोंग घेण्यातली गंमत हीच, की आपण जे नाही ते घटकाभर होता येते.

२०१४ च्या पुस्तकात या बाजूलाही जागा होती. प्रत्येक पार्श्वभूमीसोबत स्वभाव, ध्येय, बांधिलकी आणि उणीव यांची कोष्टके दिली होती. खेळाडू त्यांतून निवडे किंवा स्वतःचे लिही. 'माझी बांधिलकी कोणाशी?' या प्रश्नाचे उत्तर देताना पात्रात जीव येतो. २०२४ च्या आवृत्तीत पार्श्वभूमीसोबतची ही कोष्टके काढून टाकली आहेत. स्वभावाचे शब्द सुचवणारे तक्ते नव्याने दिले आहेत, पण ते गुणांच्या चढउताराला जोडलेले. माझ्या मते हे मागे टाकलेले पाऊल आहे. आधी माणूस आणि मग त्याचे आकडे, हा क्रम मुलांच्या मनात रुजवायचा असेल तर जुनी कोष्टके अधिक उपयोगी होती.

माझ्या भाच्यांना त्या दुपारी सोंगाची संधी मिळाली होती. मुलगा महापंडित होऊ शकला असता, मुलगी पहिलवान. दोघांनी स्वतःलाच लिहिले, आणि तेही इतरांनी सांगितलेले स्वतः. याचा दोष मी पुस्तकाच्या पदरात पुरता टाकू शकत नाही. आठ वर्षे शाळेत आणि घरात आपण जे आकडे त्यांच्यासमोर लिहीत आलो, ते त्यांनी पाठ केले आहेत.

वर्गात काय करता येईल

हे पुस्तक विकत घेण्याची गरज नाही. सहा पृष्ठांचे चार फासे पुरेत. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने सहा वेळा टाकले तर २४० आकडे मिळतात. फळ्यावर वारंवारतेचा आलेख काढा. एकदा तीन फाशांचा, एकदा चारांतून लहान सोडून. दोन्ही आलेखांचे शिखर कोठे येते ते मुलांनाच सांगू द्या. चारांतून तीन घेतल्यावर सर्वाधिक वेळा येणारा आकडा सिद्धान्ताने १३ आहे. तुमच्या वर्गात तो १२ किंवा १४ आला तर तेही चर्चेला घ्या.

मग प्रत्येकाला आपले सहा आकडे सहा गुणांत वाटू द्या. कागदावर नाव लिहू देऊ नका. फक्त मुलगा की मुलगी एवढे लिहायला सांगा. सर्वांत लहान आकडा कोणत्या गुणात किती जणांनी टाकला, याची मोजणी करा. फाशांवर कोणाचाही ताबा नसतो, त्यामुळे वाटणीत जर काही कल दिसला तर तो फाशांचा नाही, वाटणाऱ्यांचा आहे. यदृच्छा कोठे संपते आणि समजूत कोठे सुरू होते, हे वेगळे काढून दाखवणारा इतका स्वस्त प्रयोग मला तरी दुसरा माहीत नाही.

शेवटी तेच आकडे उलट्या क्रमाने वाटून नवे पात्र तयार करायला सांगा, आणि त्या पात्राच्या तोंडून दोन मिनिटे बोलायला लावा.

अंजनवेलला भाचा संध्याकाळी होडी ओढून परत आला. मी म्हटले, "बुद्धीतला सहा खोडून दुसरीकडे टाक की." त्याने पत्रकाकडे पाहिले. "राहू दे, आत्या. हा ढ आहे, पण याला भरती कळते." मग पत्रकाच्या कडेला, जिथे कोणताच रकाना नव्हता तिथे, त्याने पेन्सिलीने लिहिले: भरती ओळखतो. आणि फासा हातात घेऊन सूत्रधाराकडे पाहत बसला.